स्कीइंगच्या फोटोंसाठी कॅमेरा निवडताना: बॉडी सगळ्यात शेवटी

"लाखभर बजेट आहे, जानेवारीत गुलमर्गला चाललोय, कुठला कॅमेरा घेऊ?" दिवाळी आटोपली की पुण्यातल्या ओळखीपाळखीतून हा प्रश्न सुरू होतो. विचारणाऱ्याने तोवर दोन मॉडेलं नक्की केलेली असतात, माझ्याकडून फक्त शिक्का हवा असतो. दोन्ही कॅमेरे चांगलेच असतात. चूक क्रमाची असते. आधी बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा), मग उरलेल्या पैशात बसेल ती लेन्स, आणि हातमोजे, बॅटरी, ओल यांचा विचार थेट बर्फात उभं राहिल्यावर.

मीही तेच केलं होतं. पहिल्या खेपेला सगळे पैसे फुल-फ्रेम बॉडीत (जिचा चित्र टिपणारा सेन्सर मोठा असतो) घातले आणि सोबत नेली २४-१०५ मिमीची लेन्स. घरी येऊन फोटो मोठ्या स्क्रीनवर पाहिले, तर पांढऱ्या चादरीवर तीळ सांडावेत तसे स्कीयर. तीळ अगदी शार्प होते, एवढंच समाधान.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. एखादी पायरी तुम्हाला लागू नसेल तर वाचून पुढे जा, पण बॉडीच्या पायरीवर आधी उडी नको.

## पायरी १: तुम्ही कुठे उभे राहणार, ते ठरवा

गुलमर्गला हिवाळ्यात गोल्फ कोर्सच नवशिक्यांचा उतार होतो. तिथे मूल किंवा मित्र शिकत असेल तर तुम्ही त्याच्यापासून दहा-वीस मीटरवर असता, वेगही कमी असतो. गोंडोलाच्या (केबल कारच्या) पहिल्या टप्प्यावर, कोंगडूरीला, उतार मोठा आणि लोक वेगात. तिथे कडेला उभं राहून अंतर तीस ते साठ मीटर पडतं. दुसरा टप्पा अफरवत डोंगराच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या जवळपास सोडतो. तिथून खालचा डोंगर बहुतेक मोकळा आहे आणि तुम्ही स्वतः चांगले स्कीयर नसाल तर फोटो वरच्या स्टेशनच्या आसपासूनच निघणार, म्हणजे अंतर आणखी वाढलं. औलीला किंवा सोलंगला कोर्स करणाऱ्या मुलांचे पालक बहुधा उताराच्या पायथ्याशी उभे असतात. तिथे स्कीयर थेट तुमच्या दिशेने येतो, आणि फोकससाठी सगळ्यात अवघड प्रसंग तोच.

एका कागदावर तीन गोष्टी लिहा: अंतर किती, तो समोरून येणार की आडवा जाणार, आणि तुम्ही स्वतः स्कीवर असणार की पायी.

शेवटच्या मुद्द्यावर बरेच जण घसरतात, शब्दशः. तुम्ही स्वतः स्की करत फोटो काढणार असाल तर कॅमेरा-लेन्सचं वजन सव्वा किलोच्या वर नेऊ नका, आणि कॅमेरा गळ्यात लटकवून उतरू नका. पडल्यावर तोच कॅमेरा बरगडीत बसतो. पाठीवरची सॅक किंवा छातीशी घट्ट बसणारी पिशवी हवी. नुकतंच शिकायला लागला असाल तर पहिले तीन दिवस हेल्मेटवरचा छोटा ॲक्शन कॅमेरा पुरे. मोठा कॅमेरा हॉटेलवर राहू द्या, उभं राहता येऊ लागलं की काढा.

स्नोबोर्डवाल्याचे फोटो काढायचे असतील तर आणखी एक. तो आडवा उभा असतो, त्यामुळे चुकीच्या बाजूला थांबलात तर दिवसभर पाठच मिळते. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याची छाती त्याच्या उजवीकडे असते. तुम्ही खाली उभं राहून वर बघत असाल तर ती तुमची डावी बाजू झाली. उजवा पाय पुढे असेल तर उलट.

इशारा: जवळचा फोटो मिळावा म्हणून आखलेल्या उताराबाहेर जाऊ नका. फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४, दोन्ही वर्षी अफरवतवर हिमस्खलनात परदेशी स्कीयर दगावले. उडी मारतात त्या उंचवट्याच्या लगेच खालीही थांबू नका. वरून येणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही.

## पायरी २: अंतरावरून लेन्स काढा

इथे अंदाज नको, भागाकार करा. सेन्सरची रुंदी भागिले फोकल लेंथ (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा), गुणिले अंतर. उत्तर येतं ते त्या अंतरावर फ्रेममध्ये किती मीटर रुंदी मावते.

फुल-फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद. १०५ मिमीच्या लेन्सने ४० मीटरवर जवळजवळ १४ मीटर रुंद आणि ९ मीटर उंच पट्टा दिसतो. त्यात वाकून उभा स्कीयर दीड मीटरचा. माझे तीळ इथूनच आले. एपीएस-सी हा त्याहून छोटा सेन्सर, साधारण २३.५ मिमी रुंद. त्यावर ३०० मिमी लावली की त्याच ४० मीटरवर ३.१ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच फ्रेम मिळते. माणूस फ्रेम भरून येतो, मागे उडणाऱ्या बर्फालाही थोडी जागा राहते. उडी टिपायची असेल तर रुंदी पाच-सहा मीटर ठेवा, नाहीतर नेमकं बोर्डचं टोक कापलं जातं.

हे गणित केलं की बहुतेकांचं उत्तर एकच निघतं: एपीएस-सी बॉडी आणि ३०० मिमीच्या पुढे जाणारी झूम. फुल-फ्रेमवर तेवढंच जवळ यायला ४०० च्या पुढची लेन्स लागते, तिचं वजन आणि किंमत दोन्ही अंगावर येतात.

"पण एफ/२.८ नको का?" दुकानदार हमखास आग्रह करतो, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी लेन्स. उन्हाच्या दिवशी नको. स्वच्छ उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ४०० आणि एफ/६.३ वर शटर १/२५०० सेकंदाच्या आसपास आरामात मिळतं. दाट ढग आले तर उजेड तीन स्टॉपने, म्हणजे आठव्या हिश्शावर, पडतो. तेव्हा १/१६०० ठेवायला आयएसओ २००० लागेल, आणि आजच्या कुठल्याही एपीएस-सी कॅमेऱ्याला ते झेपतं. संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात फोटो काढायचे असतील तरच एफ/२.८ च्या पैशांचा विचार करा.

तपासणी: कागदावर अंतर, फोकल लेंथ आणि फ्रेमची रुंदी हे तीन आकडे आले का? नसतील तर पुढे वाचू नका.

## पायरी ३: दुकानात हातमोजे घालून जा

मे महिन्यात लोकरी हातमोजे घालून पेठेतल्या कॅमेऱ्याच्या दुकानात उभा राहिलो तेव्हा काउंटरवरच्या माणसाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पंख्याकडे, आणि शेवटी विचारलं, "ताप आहे का?" पण त्या दहा मिनिटांत मला जे कळलं ते कुठल्याही व्हिडिओत नव्हतं. दोन कॅमेऱ्यांपैकी एकाचं फोकसचं बटण मोज्यातून सापडतच नव्हतं. दुसऱ्याची चाकं मोज्यातूनही टकटक जाणवत होती.

उणे पाच-सात अंशांत, वाऱ्यात, उघडी बोटं दोन-तीन मिनिटांत सुन्न होतात. म्हणून पातळ आतला मोजा हातात घालूनच हे करून बघा:

- कॅमेरा चालू-बंद.
- शटर स्पीड बदलणं, मेनूत न जाता.
- एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) वर-खाली करणं. बर्फात याला सारखा हात लागतो, म्हणून त्याचं वेगळं चाक हवं किंवा एखाद्या चाकाला ते नेमून देता आलं पाहिजे.
- मागच्या बटणाने फोकस.
- बॅटरी आणि कार्ड काढून परत घालणं. बॅटरीचं झाकण मोज्याने उघडत नसेल तर डोंगरावर दर वेळी मोजा काढावा लागेल.

व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नसलेला कॅमेरा इथेच बाद करा. बर्फावरच्या उन्हात मागची स्क्रीन आरशासारखी होते, तीत फक्त तुमचा गॉगल दिसतो. गॉगल पोलराइज्ड असेल तर तोही सोबत न्या. काही व्ह्यूफाइंडर अशा गॉगलमधून कॅमेरा उभा धरल्यावर काळे पडतात. हे गुलमर्गला कळण्यापेक्षा पुण्यात कळलेलं बरं.

## पायरी ४: फोकस आणि वेग, आकड्यांत आणि रस्त्यावर

ताशी ४० किमी वेगाचा स्कीयर सेकंदाला ११ मीटर जातो. १/१००० ला तो एका फ्रेममध्ये सव्वा सेंटिमीटरच्या आत हलतो, १/२५० ला साडेचार सेंटिमीटर. म्हणून आडवा जाणारा असेल तर १/१६०० च्या खाली येऊ नका. सेकंदाला १० फ्रेमच्या कॅमेऱ्यावर दोन फोटोंमध्ये तो सव्वा मीटरच्या आत सरकतो, १५ वर पाऊण मीटर. एवढं पुरतं. सेकंदाला चाळीस-पन्नास फ्रेमच्या जाहिरातींवर पैसे घालू नका, रात्री तेवढे फोटो निवडत बसायचा कंटाळा येतो.

दोन गोष्टी मात्र विचारून घ्या.

तो जास्तीचा वेग मेकॅनिकल शटरचा की इलेक्ट्रॉनिक? इलेक्ट्रॉनिक शटरवर सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. वाचन हळू असेल तर वेगात हललेली स्कीची काठी फोटोत वाकडी येते. कॅनन आर७ चा सेन्सर या बाबतीत मंद आहे, त्यावर मेकॅनिकल शटरचे सेकंदाला १५ फ्रेमच वापरावेत. सोनी ए९ थ्री सगळा सेन्सर एकदम वाचतो, तिथे हा प्रश्नच येत नाही. पण त्या पैशात अख्ख्या कुटुंबाची काश्मीर सहल होईल.

आणि बफर, म्हणजे कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती कॅमेऱ्यातली जागा. स्कीयर कामाच्या अंतरात तीनेक सेकंद असतो. दुकानात स्वतःचं कार्ड घालून, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मोठ्या, कच्च्या फाइलमध्ये), तीन सेकंद बटण दाबून धरा. मध्येच आवाज अडखळला तर ते कार्ड किंवा तो कॅमेरा तुमच्या कामाचा नाही. पूर्वी हळू कार्ड लावून नंतर कॅमेऱ्याला नावं ठेवणारे मी बरेच पाहिलेत.

फोकसची परीक्षा दुकानाच्या आत होत नाही. दुकानाच्या पायरीवर या, फोकस सतत मागोवा घेणाऱ्या मोडवर ठेवा, माणूस ओळखण्याची सोय चालू करा आणि समोरून येणारे दुचाकीस्वार टिपा. हेल्मेट घातलेला स्वार म्हणजे आयता स्कीयर: तोंड झाकलेलं, डोळे काचेमागे, वेग तेवढाच. पुण्यात हेल्मेटवाला शोधावा लागतो हे मान्य, पण मिळतो. कॅमेरा डोळे सापडत नाहीत म्हणून भिरभिरतो की लगेच डोक्यावर-धडावर स्थिरावतो, ते बघा. मधून रिक्षा आडवी गेली तर फोकस रिक्षावर उडी मारतो का, तेही बघा. बर्फात हेच काम उडणारा फवारा करतो. मेनूत मागोव्याची चिकाटी वाढवायची सोय असते. ती नसलेला कॅमेरा या कामाला घेऊ नका.

तपासणी: दहा स्वार, प्रत्येकाचे दहा फोटो. शंभरातले साठ-सत्तर शार्प असतील तर कॅमेरा चालेल. पडद्यावर पूर्ण मोठे करून मोजा, छोट्या चित्रावर सगळंच शार्प दिसतं.

## पायरी ५: थंडी आणि ओल

बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. काहींवर उणे १० असतं, जसं ओएम सिस्टीमचा ओएम-१ किंवा निकॉन झेड६ थ्री. ० लिहिलेले कॅमेरेही उणे दहात चालतात, माझा चालला. आधी हात टेकते ती बॅटरी. थंडीत लिथियम बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि अर्धी भरलेली बॅटरीसुद्धा रिकामी दाखवते. ती फेकू नका, आतल्या खिशात अंगाशी ठेवा. ऊब मिळाली की बऱ्यापैकी परत चालते.

म्हणून निवडताना बॅटरी कुठल्या आकाराची आहे ते पाहा. कॅनन आर१० मध्ये छोटी एलपी-ई१७ बसते, आर७ मध्ये मोठी एलपी-ई६एनएच. सोनी ए६७०० ला मोठी एनपी-एफझेड१००, निकॉन झेड५० टू ला छोटी. छोट्या बॅटरीचा कॅमेरा घेतलात तर एकूण चार बॅटऱ्या धरा, मोठ्याच्या तीन. हा खर्च बॉडीच्या किमतीतच मिळवा.

हवामानरोधक बांधणी बॉडीला असून लेन्सला नसेल तर माउंटच्या (लेन्स-बॉडीच्या जोडाच्या) फटीतून पाणी जातंच. कॅननची आरएफ १००-४०० एफ/५.६-८ हलकी आणि चांगली लेन्स आहे, पण तिला असं संरक्षण नाही. हिमवृष्टीत तिच्यावर प्लॅस्टिकचं कव्हर लागेल. कोरड्या थंडीत काहीच बिघडत नाही.

## पायरी ६: आता बॉडी

इथवर आलात तर यादी आपोआप लहान झाली असेल. माझी मतं:

सोनी ए६७०० आणि ७०-३५० मिमी. दोन्ही मिळून १.१ किलो, फुल-फ्रेमच्या हिशेबात ५२५ मिमीपर्यंत पोहोच, माणूस ओळखण्यात हुशार. स्वतः स्कीवर असणाऱ्याला मी हेच सांगतो. कार्डाची खाच मात्र एकच.

कॅनन आर७ आणि १००-४००. पोहोच ६४० पर्यंत, दोन कार्डं, सव्वा किलो. लांबून काढणाऱ्या पालकांसाठी. शटरचा इशारा वर दिलाच आहे.

निकॉन झेड५० टू आणि ५०-२५०. खिशाला सोपं, लेन्स जेमतेम ४०५ ग्रॅमची. पोहोच ३७५, म्हणजे गोल्फ कोर्सला उत्तम, कोंगडूरीला तोकडी.

ओएम-१ आणि ४०-१५० एफ/४. पाण्याला सगळ्यात दाद न देणारी जोडी. घेण्याआधी दुरुस्ती भारतात कुठे होईल ते विचारा.

वापरलेला निकॉन डी५००. २०१६ चा डीएसएलआर. लोक जुना म्हणून नाक मुरडतात, पण सेकंदाला १० फ्रेम, भक्कम बांधणी, आणि आरशाचा व्ह्यूफाइंडर वीज खात नसल्यामुळे एका बॅटरीवर दिवस निघतो. वजन चालणार असेल आणि पैसे कमी असतील तर मी आजही हाच घेईन.

वर्षातून एकदाच बर्फात जाणार असाल तर लांब लेन्स विकत घेऊच नका, भाड्याने घ्या. पुण्यात लग्नाचे फोटो काढणाऱ्यांमुळे भाड्याचा बाजार चांगला आहे. फक्त डिसेंबर-जानेवारी हा लग्नांचाही मोसम, म्हणून महिनाभर आधी सांगून ठेवा.

## पायरी ७: जुना माल घेताना

पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते, आणि विकणारा म्हणतो, "काही नाही, धूळ आहे." लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर उठा. शटर किती वेळा पडलंय तो आकडा मागा. बॅटरीचं झाकण, रबराच्या कडा, कार्डाची खाच हाताने तपासा. सैल झाकण म्हणजे आत बर्फाचं पाणी.

नवा घेत असाल तर भारतातलं बिल आणि वॉरंटी घ्या. बिलाशिवाय चार-आठ हजार वाचतात, पण बिघाड झाला की कुणी दारात उभं करत नाही.

## पायरी ८: गच्चीवर चादर वाळत घाला

कॅमेरा हातात आल्यावर किमान पंधरा दिवस पुण्यात वापरा. दुपारी गच्चीवर पांढरीशुभ्र चादर ताणून बांधा, तिच्यापुढे गडद जॅकेट घालून कुणाला तरी उभं करा. जॅकेटसाठी माणूस राजी करणं हाच यातला कठीण भाग. कॉम्पेन्सेशन शून्यावर ठेवून फोटो काढा, चादर करडी येईल. कॅमेऱ्याचा मीटर समोर जे असेल ते मध्यम करडं मानून चालतो. आता +१, मग +१.३, मग +१.७ करून बघा. चादरीच्या विणीचे धागे दिसताहेत आणि ती पांढरीही आहे, तो आकडा लक्षात ठेवा. बर्फात सुरुवात तिथून करायची. हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला आदळत असेल तर थोडं मागे या.

फोकसच्या सरावाला सकाळी वेताळ टेकडीवर पळणारी कुत्री आणि सिंहगडाच्या घाटातून उतरणारे सायकलवाले आहेतच. सायकलवाल्यासाठी वळणाच्या आतल्या कडेला, रस्त्याबाहेर थांबा.

कॅमेरा मोबाइलच्या ॲपशी जोडणं, फर्मवेअर अद्ययावत करणं, हे घरच्या वायफायवर उरका. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही.

## पायरी ९: निघताना आणि तिथे

सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इन सामानात लिथियम बॅटरी सुटी चालत नाही. लोहगाव आणि श्रीनगर, दोन्ही विमानतळ हवाई दलाचे तळ आहेत. नवा कॅमेरा तिथे बाहेर काढू नका.

उतारावर लेन्सवर हूड कायम लावलेला असू द्या, भुरभुरणारा बर्फ बराचसा तोच अडवतो. काचेवर कण पडलेच तर तोंडाने फुंकर मारू नका. श्वासातली वाफ काचेवर गोठते आणि मग ती पुसत बसावं लागतं. मोज्यानेही पुसू नका, कण वितळून डाग होतो. मऊ ब्रश किंवा रबरी फुग्याने झटका.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते संध्याकाळी, खोलीत शिरताना. बुखारी (खोली तापवायची शेगडी) पेटलेली असते, कपडे वाळत टाकलेले असतात, हवा दमट. गारठलेला कॅमेरा तसाच आत नेला की फ्रीजमधून काढलेल्या तांब्यासारखं त्याला पाणी सुटतं, बाहेरून आणि आतूनही. म्हणून दाराबाहेर, थंडीतच, कॅमेरा झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, बंद करा, आणि मग आत न्या. पाणी पिशवीवर धरेल. कॅमेऱ्याला खोलीचं तापमान यायला दोन तास द्या. तोवर फोटो बघायची घाई होणारच, तेव्हा पिशवी बंद करण्याआधी कार्ड आणि बॅटरी काढून खिशात टाका.